सहाशे बारा पुस्तकांचं माहेरपण

नगरपालिकेचं पत्र आलं तेव्हा काका ताटावर बसले होते. पत्र एका पानाचं, आणि मागणीही एकाच पानाची. वाचनालयाला दिलेल्या खोलीची मुदत संपत आली आहे. ती वाढवून हवी असेल तर संस्थेचा एकपानी इतिहास लिहून ठेवावा, त्यात पुस्तकांची नेमकी संख्या द्यावी, आणि तीन आठवड्यांनी गुरुवारी सकाळी अकरा वाजता आमच्या निरीक्षक खोली पाहायला येतील तेव्हा हजर राहावं.

"एकच पान?" काका म्हणाले. "हात वाळायच्या आत लिहून होईल."

काकूंनी नुसतं पाहिलं. लग्नाला अठ्ठावीस वर्षं झालेल्या बाईचं ते पाहणं होतं. त्यात न्हाणीघराचा नळ 'पाच मिनिटांत' दुरुस्त करण्यापासूनचा सगळा इतिहास होता, आणि तो काही एका पानात मावणारा नव्हता.

काका लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या कंपनीत होते. आठवडाभर उंच इमारतींच्या अंधाऱ्या विहिरींत लोंबकळायचं आणि शनिवारी दुपारी वाचनालयाचं कुलूप उघडायचं, हा त्यांचा एकोणीस वर्षांचा नेम. पगार शून्य, मान भरपूर. निदान काकांची तशी समजूत होती. नोकरीधंद्यासाठी परमुलखात आलेली सत्तरएक मराठी घरं, आणि त्या सगळ्यांचं मिळून हे एक वाचनालय. नगरपालिकेच्या जुन्या इमारतीत, दुसऱ्या मजल्यावर, डाव्या हाताला. उजव्या हाताला मुलांचा ज्युदोचा वर्ग भरे. तिकडे कुणी पाठीवर आपटलं की इकडचे कवितासंग्रह हलायचे. कादंबऱ्या जाड असल्यामुळे हलत नसत. ज्युदोच्या मास्तरांना जागा अपुरी पडत होती. गेल्या महिन्यात ते सहज म्हणून डोकावले आणि जाताना टेप काढून भिंत मोजून गेले. म्हणजे खोली गेली तर कुणाकडे जाणार हे ठरलेलं होतं. पुस्तकं कुठे जाणार, तर सत्तर पलंगांखाली. आणि पलंगाखाली गेलेलं पुस्तक पुन्हा सूर्य पाहत नाही, हे काकांनी अनुभवाने जाणलं होतं.

इतिहासाची सुरुवात मात्र झकास झाली. 'एकोणीस वर्षांपूर्वी चार कुटुंबांनी बॅगांतून आणलेली एकतीस पुस्तकं एका पत्र्याच्या ट्रंकेत एकत्र ठेवली' इथपर्यंत काका सुखरूप पोचले. पण मग ट्रंकेच्या कुलपाची हकीकत आली. कुलपाला किल्ल्या दोन होत्या आणि कुलूप लावताना दोन्ही ट्रंकेतच राहिल्या होत्या. हे न सांगता पुढे जाणं म्हणजे इतिहासाशी बेइमानी. काकांना लहानपणापासून कीर्तनाचं वेड. पूर्वरंगात बुवांनी ऐसपैस बैठक मारल्याशिवाय उत्तररंग रंगत नाही, हे त्यांच्या हाडीमांसी मुरलेलं. तिसऱ्या दिवशी काका तेहतिसाव्या पानावर होते आणि वाचनालय अजून ट्रंकेतच होतं.

दुसरा अडसर संख्येचा. पुस्तकं नेमकी किती, हे एकोणीस वर्षांत कुणालाच माहीत नव्हतं. पहिली दोन वर्षं एक नोंदवही होती. मग एका शनिवारी 'इथे सही करा' म्हटल्यावर एक गृहस्थ रागावले. "घरच्या माणसाला सही मागता? मी काय पुस्तक घेऊन परागंदा होणार आहे?" काकांनी कान पकडले, वही मिटली, ती मिटलीच. तेव्हापासून पुस्तक एकदा बाहेर पडलं की कपाटात परतायचं नाही. एका घरातून दुसऱ्या, दुसऱ्यातून तिसऱ्या. शनिवारी माणसं यायची ती कपाटासाठी नाहीच, एकमेकांच्या पिशव्यांसाठी. "झालं का तुमचं ते? मग इकडे द्या." कपाटात उरायचं ते कुणालाच नको असलेलं, म्हणजे बाळाच्या नावांची पुस्तकं अकरा आणि 'घरच्या घरी शिवणकाम', भाग दुसरा.

कुठलं पुस्तक कुणाच्या घरी आहे हे एका आत्याबाईंना तेवढं तोंडपाठ. आत्याबाई प्रसूतिगृहातून निवृत्त झालेल्या परिचारिका. तिथली निम्मी मराठी पोरं त्यांच्या हातांवर जन्मली आणि उरलेली त्यांच्या धाकात वाढली. खुद्द काकांना त्या अजून 'अरे' म्हणायच्या.

काकांच्या खालच्या मजल्यावर एक विमा विकणारे गृहस्थ राहत. त्यांना सगळे विमावालेच म्हणत. विमा घेतला नाही तरी सल्ला ते फुकट देत. ते म्हणाले, "काका, साधी गोष्ट आहे. पाहुणा घरी यायचा म्हणजे आपण काय करतो? आवरतो. सगळं जागच्या जागी. निरीक्षकबाई आल्या आणि कपाट रिकामं दिसलं, तर त्या म्हणणार काय? पुस्तकं खाल्ली यांनी!"

"मग?"

"मग काय! सगळी पुस्तकं घरी बोलवा. मोजणी पण होईल आणि शोभाही दिसेल."

काकूंनी आतून विचारलं, "माहेरपणाला बोलावताय, ते ठीक. पण सासरची सोडणार आहेत का?"

हा प्रश्न खरं तर बैठकीच्या कार्यवृत्तात जायला हवा होता. पण बैठक जिन्यात झाली होती, आणि जिन्यातल्या बैठकीत बायकांचं बोलणं नोंदवत नाहीत. नोंदवलं असतं तर ही गोष्ट इथेच संपली असती.

काका घरोघर निघाले. आता, मराठी माणसाच्या घरी जाऊन 'पुस्तक द्या' असं म्हणता येत नाही. आधी तब्येत विचारावी लागते, मग मुलांची शाळा, मग तिकडे आईला बरं आहे का. मग चहा येतो. चहा संपेपर्यंत पुस्तकाचा विषय काढणं असभ्यपणाचं, आणि चहा संपला की दुसरा येतो. पहिल्या रविवारी काकांनी सात घरं केली, अकरा चहा प्याले आणि चार पुस्तकं आणली.

"म्हणजे आम्ही बुडवलं असं तुम्हाला म्हणायचंय?" एका वहिनींनी विचारलं.

"छे छे! मोजायला हवंय फक्त."

"मोजा की. एक. हे बघा, इथे आहे. मोजलं ना? ठेवा खाली."

एका घरात एक जाडजूड चरित्र धुण्याच्या यंत्राखाली निघालं. ते काढलं तर यंत्र खोलीभर फिरायला लागलं, म्हणून काकांनी स्वतःचा पाना काढून यंत्राचे पाय समतल करून दिले. तिथून पुढच्या घरांत त्यांना पुस्तकांबरोबर गळके नळ आणि कुरकुरती दारंही मिळू लागली. एका रहस्यकथेची पहिली वीस पानं केव्हाच गेलेली. ती देणाऱ्याने घेणाऱ्याला सुरुवात तोंडी सांगायची, अशी रीत पडली होती. नऊ तोंडांतून आल्यामुळे आता खून सुरुवातीलाच उघडकीला येत होता आणि पुढची दोनशे पानं पोलिसांना कळत नव्हतं इतकंच. दुसऱ्या गावी राहायला गेलेल्या एका कुटुंबाने अडीच पुस्तकं टपालाने पाठवली. उरलेलं अर्धं 'वाचून झालं की' येणार होतं.

सर्वांत शेवटी काका आत्याबाईंकडे गेले. धैर्य गोळा करायला वेळ लागला होता. त्या खिडकीशी बसून वाचत होत्या. काकांनी तब्येत विचारली, चहा घेतला, आणि डोळे मिटून त्यांच्या हातातलं पुस्तक काढून घेतलं. "मोजणी झाली की स्वतः आणून देतो, आत्या." आत्याबाई काही बोलल्या नाहीत. आत्याबाई बोलल्या नाहीत याचा अर्थ काय असतो, हे कळण्याइतके काका मोठे झालेले होते. पण त्यांच्या डोळ्यांपुढे फक्त संख्या होती.

संख्या भरली सहाशे बारा. एका खोलीत सहाशे बारा पुस्तकं एकत्र कुणी कधी पाहिलीच नव्हती. काकांना गहिवरून आलं. त्यांनी सुट्टी घेऊन फळ्या ठोकल्या, लिफ्टच्या दाराला लावतात ती पाणसळ लावून. मग मांडणीचा वाद झाला. विमावाले म्हणाले लेखकवार, काकू म्हणाल्या विषयवार. शेवटी कुणाचंच मन दुखू नये म्हणून पुस्तकं उंचीवार लावली. मळकी दिसतात म्हणून सगळ्यांना शाळेच्या वह्यांसारखी खाकी कव्हरं घातली. आत बघितल्याशिवाय आता कुठलं पुस्तक कुठलं ते ओळखू येत नव्हतं, पण रांग काय सुरेख दिसत होती! ती मोडू नये म्हणून पुढे लाल दोरी बांधली, आणि तिथल्या भाषेत, सुवाच्य अक्षरात, एक पाटी लावली: 'कृपया पुस्तकांना हात लावू नये.'

गुरुवारी निरीक्षकबाई अकराला एक मिनिट असताना आल्या, जिने चढून. इमारतीची लिफ्ट आठवडाभर बंद होती. ती काकांच्या कंपनीची नव्हती, पण बाईंनी धापा टाकत "आपण काय करता?" असं विचारलं आणि काकांनी उत्तर दिलं, तेव्हा त्यांनी लिफ्टच्या बंद दाराकडे जो एक कटाक्ष टाकला, तो काकांना अजून झोपेत आठवतो.

बाईंच्या गळ्यात दोरीने पेन्सिल अडकवलेली होती. त्यांनी फळ्या पाहिल्या, खाकी भिंत पाहिली, पाटी वाचली. दुसऱ्यांदा वाचली.

"एकूण किती?"

"सहाशे बारा!"

"त्यातली सध्या वाचकांकडे किती आहेत?"

हाच तो क्षण. तीन आठवडे, पंचेचाळीस घरं, पासष्ट चहा. काकांनी छाती पुढे काढली. "एकही नाही!"

"आणि गेल्या महिन्यात किती दिली, त्याची नोंदवही?"

"नोंदवही नाही. आमच्यात सही मागत नाहीत."

बाईंनी पेन्सिल हातात घेतली. "माझ्या अर्जात दोन चौकोन आहेत," त्या सौम्यपणे म्हणाल्या. "एक 'वाचनालय'. एक 'वस्तूंची साठवण'. साठवणीला आम्ही खोली देत नाही. शेजारच्या वर्गाने मागितली आहेच. तुम्हीच सांगा, मी कुठे खूण करू?"

काकांच्या पायांखालची लिफ्ट सुटली. तिथली भाषा त्यांना कामापुरती येत होती. केबल, ब्रेक, 'आत किती जण आहात', एवढं अस्खलित. संकटात तेच बाहेर आलं. "घाबरू नका," ते बाईंना म्हणाले, "पाच मिनिटांत बाहेर काढतो." आणि त्यांनी एकपानी इतिहास पुढे केला. तो आता त्रेचाळीस पानांचा होता. बाईंनी नियमाप्रमाणे पहिलं पान काढून घेतलं आणि बेचाळीस परत केली. पहिल्या पानावर किल्ल्या ट्रंकेत अडकल्यापर्यंतची हकीकत होती. किल्ल्या निघाल्या की नाही, ते नगरपालिकेच्या दप्तरी कधीच पोचणार नव्हतं.

"मी शेजारची खोली तपासून येते," बाई म्हणाल्या. "एक तासाने. मग खूण करते."

काकांनी फोनवर फोन केले. अर्ध्या तासात आठ जण धावत आले. कुणी दुकान नोकरावर टाकून, कुणी बॅंकेतून दाढदुखीचं निमित्त सांगून. विमावाले सर्वांत पुढे.

"सोपं आहे," विमावाले म्हणाले. "प्रत्येकाने दोन-दोन पुस्तकं काखोटीला मारायची आणि बाई आल्या की दारातून बाहेर पडायचं. मागच्या जिन्याने वर येऊन पुन्हा बाहेर पडायचं."

"नाटक नको," काका म्हणाले. त्यांचा आवाज बारीक झाला होता, पण ठाम होता. "खोटं बोलून खोली मिळाली तर संध्याकाळी देवापुढे दिवा कुठल्या तोंडाने लावू? खरोखर कुणाला वाचायला हवं असेल तर न्या. नसेल तर राहू दे."

यावर सगळे फारच सभ्य झाले.

"तुम्ही घ्या आधी."

"छे, तुम्ही. तुम्ही लांबून आलात."

"रांग किती छान लागली आहे हो. मोडवत नाही."

"काकांनी मेहनत घेतली आहे. आज नको, शनिवारी बघू."

तासाने बाई परत आल्या तेव्हा आठ माणसं लाल दोरीच्या अलीकडे हात मागे बांधून, शोकसभेला जमल्यासारखी उभी होती. बाईंनी सुस्कारा टाकला आणि अर्जाचा कागद फळीवर टेकवला. पेन्सिल दुसऱ्या चौकोनाकडे निघाली.

तेवढ्यात जिन्यातून आवाज आला. "कुठे आहे तो?"

आत्याबाईंना कुणी फोन केला नव्हता. काकांना तेवढं धैर्य नव्हतं. त्या आपल्या आपण आल्या होत्या, दोन जिने चढून, हातात छत्री. त्यांनी दोरी छत्रीच्या टोकाने वर उचलली आणि खालून आत शिरल्या.

"आत्या," काका कुजबुजले, "आत्ता नको. निरीक्षण चाललंय."

"गेलं तुझं निरीक्षण चुलीत! माझं पुस्तक कुठाय? तीस पानं राहिली होती. ती पोर बिचारी बॅग घेऊन उंबऱ्यावर उभी आहे. घर सोडून जाते का आत वळते, काही पत्ता नाही. आठ दिवस! आठ दिवस तिला उंबऱ्यावर उभी ठेवलीस रे मेल्या! मोजायला नेतो म्हणालास. सहाशे बारा मोजायला आठ दिवस? मी एका पाळीत नऊ बाळंतपणं केली आहेत!"

आणि त्यांनी पहिलं पुस्तक ओढलं, खाकी कव्हर टरकावलं, "हे नव्हे," म्हणून खाली ठेवलं. दुसरं. तिसरं. काका हात पसरून फळीसमोर उभे राहिले. "वाचनालय चालवतोस की तुरुंग?" आत्याबाईंनी त्यांना छत्रीने बाजूला केलं.

मागे एक दबका आवाज आला. "आत्या, तिथेच कुठेतरी माझं पण असेल बघा. मी पण मध्यावरच होतो."

"माझं तर शेवटचं प्रकरण राहिलंय!"

"अहो, ते माझं आहे, माझ्या घरून नेलंय ते!"

बांध फुटला. दोरी कुठे गेली ते कुणी पाहिलं नाही. आठही सभ्य माणसं फळ्यांवर तुटून पडली. खाकी कागद पाचोळ्यासारखे उडू लागले. विमावाले आणि बॅंकेतले गृहस्थ एकाच रहस्यकथेची दोन टोकं धरून ओढत होते. शेजारच्या वर्गात जे घडायचं ते आज इकडे घडलं.

निरीक्षकबाईंनी काकांना विचारलं, "त्या बाई तुम्हाला काय म्हणत आहेत?"

काकांच्या पुढे दोन वाटा होत्या. 'त्या माझं कौतुक करत आहेत' असं म्हणता आलं असतं. एकोणीस वर्षांचा मान वाचला असता. पण नुकतंच 'नाटक नको' म्हणून बसलेल्या तोंडाला ते शोभलं नसतं.

"त्या म्हणतात, मी पुस्तकचोर आहे."

"हो?"

"मी त्यांच्या हातातून वाचत असलेलं पुस्तक ओढून आणलं. तीस पानं राहिली होती."

"का आणलंत?"

"तुम्ही येणार म्हणून." काकांनी खाली पाहिलं. "घर आवरलं."

"आणि आता काय म्हणतात?"

"मी जेलर आहे म्हणतात." बाईंची पेन्सिल थांबली होती. काकांनी ते पाहिलं. त्यांच्या आवाजाला जरा धार आली. "मला अक्कल नाही. ती लहानपणीही नव्हती."

आत्याबाई एक वाक्य टाकत होत्या आणि काका ते तिथल्या भाषेत उचलत होते, कीर्तनात बुवांच्या मागे झील धरावी तसे. शब्द अपुरा पडला तिथे हातवारे करत होते. आधी कुजबुजत, मग स्पष्ट, मग खड्या आवाजात. मधे आत्याबाई दम घ्यायला थांबल्या तेव्हा काका घाईने म्हणाले, "आत्या, बोला ना! आणखी बोला!"

"आणखी?" आत्याबाई चकित झाल्या, पण त्यांनी निराशा केली नाही.

शेवटी बाईंनी पेन्सिल वर केली. "पुरे," त्या म्हणाल्या. त्यांच्या ओठांचे कोपरे हलत होते. त्यांनी रिकाम्या झालेल्या जागा मोजल्या. एकोणचाळीस. मग पिशवीतून एक कोरा कागद काढून आत्याबाईंपुढे धरला आणि काकांना म्हणाल्या, "हा तक्रारअर्ज. यांना सही करायची आहे का विचारा."

आत्याबाईंनी सही केली, खाली रेघ मारून. बाकीचे आठ जण रांगेत उभे राहिले. पुस्तकासाठी सही म्हटलं तर ज्यांचा अपमान होत होता, ते काकांविरुद्ध सही करायला पेन झटकत होते. बॅंकेतल्या गृहस्थांनी तर हुद्दाही लिहिला.

"ग्रंथपालाविरुद्ध नऊ वाचकांची तक्रार," बाईंनी लिहिलं. "ज्या जागेत कुणी वाचत नाही, तिथून आम्हाला अजून एकही तक्रार आलेली नाही." आणि पहिल्या चौकोनात, ठसठशीत, खूण केली. जाताना त्यांनी पाटी स्वतःच्या हाताने काढून काकांना दिली.

खोली रिकामी झाली. दुकानवाले दुकानात, बॅंकवाले बॅंकेत, विमावाले अर्धी रहस्यकथा घेऊन. काकांनी कागद गोळा केले आणि बाहेर आले, तर आत्याबाई जिन्याच्या वरच्या पायरीवर बसून वाचत होत्या. घरापर्यंत धीर निघालाच नव्हता. ज्युदोची मुलं त्यांना वळसा घालून उतरत होती. काका दोन पायऱ्या खाली बसून राहिले. बोलायची सोय नव्हती.

साडेतीनला आत्याबाईंनी पुस्तक मिटलं आणि चष्मा काढून पुसला. पुसायला जरा वेळच लागला.

"गेली का हो ती? का आत वळली?" काकांनी विचारलं.

"एकोणीस वर्षं हमालासारखा वाहतोयस हे, आणि वाचलं नाहीस?"

काकांनी मान हलवली. वेळच झाला नव्हता.

"घे मग," आत्याबाई म्हणाल्या, पुस्तक त्यांच्या मांडीवर ठेवून छत्रीवर भार देत उठल्या. "पहिल्यापासून वाच. मधलं चाळलंस तर मला कळेल."

पाचच्या सुमाराला काकूंचा फोन आला. "अहो, कुठे आहात? खोलीचं काय झालं?"

"खोली राहिली."

"मग घरी या की!"

काका पायरीवर जरा सरकून बसले आणि बोटाने ओळ धरून ठेवली. "तू चहा घेऊन टाक," ते म्हणाले. "पोर आत्ता कुठे पाच वर्षांची झाली आहे. तिला जरा मोठी होऊ दे, मग येतो."